बिनकुलपाच्या गावचा चावीवाला

"नगरला गाड्यांच्या लायनीत साहेबाची नोकरी लागली," असं कानिफनाथनं गावभर सांगून ठेवलं होतं. साहेब कसला, बोडक्याचा! नगरजवळच्या एका मंगल कार्यालयात पाहुण्यांच्या गाड्या नेऊन लावायचं काम होतं. पण अंगात सोनेरी बटणांचा डगला होता, आणि आरशात बघितलं की त्याला स्वतःलाच सलाम ठोकावासा वाटायचा.

कार्यालयाचा मॅनेजर रविराज शिकलेला. त्यानं पहिल्याच दिवशी ऐकवलं, "व्हॅले म्हणजे साधं काम समजू नकोस. फ्रान्समध्ये राजाच्या खाजगी माणसाला व्हॅले म्हणायचे. राजाला कपडे चढवायचे, दाढी करायची, बूट पुसायचे. पुढं राजे गेले, मोटारी आल्या. मग हॉटेलवाल्यांनी तेच नाव गाडी लावणाऱ्याला दिलं."

"म्हंजी हुजऱ्या व्हय!" कानिफनाथ हरखला. घरी जाऊन बायकोला, अश्विनीला, त्यानं ते तिखटमीठ लावून सांगितलं.

"सवताच्या सदऱ्याची बटनं तुमाला धड लागत न्हाईत," ती म्हणाली, "बरं झालं बाई, राजे गेले ते."

गंमत अशी, की कानिफनाथ शनिशिंगणापूरचा. घराला चौकट, पण दार नाही. आधी चालवायचा त्या टेम्पोचं दारही सुतळीनं बांधलेलं. कुलूप लावणं हा प्रकार त्याच्या हातून जन्मात झाला नव्हता. त्यामुळं तो गाडी लावायचा, चावी तशीच आत लटकत ठेवायचा आणि निवांत पुढच्या गाडीकडं जायचा. रविराजनं एकदा सगळी रांगच उघडी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"हे तुझं गाव नाही, बाबा! यापुढं एक गाडी उघडी दिसली तर घरचा रस्ता धरायचा."

कानिफनाथचं धाबं दणाणलं. कारण ही नोकरी त्याला मनापासून आवडली होती. ओळख ना पाळख, माणूस लाखामोलाची गाडी आपल्या हाती देतो आणि मागं वळूनही बघत नाही, याचं त्याला रोज नवल वाटायचं. गावात त्याच्या हाती कुणी शेळीचं दावं दिलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी घोडेगावच्या गोरक्षअण्णांच्या मुलाचं लग्न होतं. अण्णा गुरांचे व्यापारी. त्यांची पांढरी मोटार जुनीपुराणी, पण लेकीसारखी जपलेली. कानिफनाथनं ती सावलीला लावली, चारी दारांच्या आतल्या खुंट्या आठवणीनं दाबून दारं बंद केली, ओढून खात्री केली आणि छाती फुगवून फाटकाशी आला.

तेवढ्यात नवऱ्याची आत्या, केशरबाई, धापा टाकत आली. "आरं, मंगळसूत्राची पिशवी गाडीत ऱ्हायली! दे चावी."

कानिफनाथनं खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग काचेला नाक लावून बघितलं. चावी आत लटकत होती. कुलूप लावायचं तर चावी आधी बाहेर काढावी लागते, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

आत मंगलाष्टकं सुरू झाली. भोवती माणसं जमली. कुणी तार आणा म्हणे, कुणी मिस्त्रीला फोन लावा म्हणे. रविराज ओरडला, "काचेला हात लावशील तर याद राख!" केशरबाईला रडू फुटलं. काच फोडली तर नोकरी जाणार, नाही फोडली तर नवरीच्या गळ्यात काय घालणार? त्यानं डोळे मिटून शनिदेवाचं नाव घेतलं आणि दगड घातला. ज्या गावाला चोरीचं नाव नको, तिथल्या पठ्ठ्यानं भर लग्नात घरफोडी केली!

मंगळसूत्र वेळेवर पोचलं, लग्न लागलं, पंगत बसली. रविराजनं डगला तिथंच उतरवून घेतला. कानिफनाथला रडू यायला लागलं, पण नुसत्या बनियनवर रडणं बरं दिसेना.

"काच फोडनारा कोन?" गोरक्षअण्णा जेवण सोडून आले होते.

"मी, अण्णा."

"आता ही उघडी गाडी टाकून मी पंगतीला कसा बसू? बस आत. नवी काच बसंपर्यंत तूच राखायची हिला. रोजाचे पैसे देतो."

तेव्हापासून अण्णा बाजारात गुरं बघत हिंडतात आणि कानिफनाथ गाडीत काचेच्या जागी बसून असतो. एवढ्या जुन्या गाडीची काच नगरला मिळाली नाही, पुण्याहून यायचीय म्हणे. गावात त्यानं सांगितलंय, अण्णांचा खाजगी माणूस झालोय. आणि रोज सकाळी हात जोडून तो देवाला म्हणतो, "देवा, ती काच वाटंतच फुटू दे."