गाडीमागचं पाणी

रिव्ह्यू सहा ओळींचा होता. पाच ओळी काकांच्या होत्या, एक माझी. नुकसान त्या एका ओळीने केलं.

काका नात्यातले नव्हेत. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलांतून तीसेक वर्षं भूल देऊन निवृत्त झालेले. काकू सत्तरीच्या आहेत. ते दोघं, माझा नवरा आणि मी असे चौघं गेल्या वर्षी मे महिन्यात तुर्कस्तानला गेलो. इस्तंबूल झाल्यावर इझमीरच्या पुढे, समुद्रापासून थोडं आत असलेल्या एका गावात तीन रात्री राहिलो. जवळच्या आयसेलिन गावातल्या ट्रॅव्हल एजंटने हॉटेल सुचवलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांचा वीसेक जणांचा ग्रुप तो ऑक्टोबरमध्ये तिथे नेणार होता. त्यासाठी हॉटेलने आठवडाभराच्या सगळ्या खोल्या राखून ठेवल्या होत्या. आधी काकांनी बघून यावं आणि मत सांगावं, असं ठरलं होतं.

खोल्या नऊ. दगडी घर, अंगणात तुतीचं झाड, त्याखाली न्याहारीची टेबलं. आई स्वयंपाक करायची, वडील बाजारहाट आणि दुरुस्त्या बघायचे, तिशीतली मुलगी रिसेप्शनवर असायची. इंग्रजी फक्त मुलीला येत होतं.

काकांच्या तक्रारी पहिल्या संध्याकाळी सुरू झाल्या. लिफ्ट नाही. शॉवर अरुंद. टॉवेल पातळ. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात हे कळल्यावर तासाभरात त्यांना तळमजल्यावरची खोली मिळाली. ती आईवडिलांची स्वतःची खोली होती. ते दोघं वर गेले. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही माझ्या नवऱ्याने सहज विचारलं म्हणून. काका म्हणाले, "कस्टमर सर्व्हिस म्हणतात याला." रिव्ह्यूत ही खोली कुठेही आली नाही.

काकू मांस-मासे खात नाहीत, अंडंही नाही. मुलीने ते आईला समजावलं. दुसऱ्या दिवशीपासून काकूंसाठी मसुराचं सूप वेगळ्या भांड्यात होऊ लागलं, ऑलिव्ह तेलात शिजवलेली फरसबी येऊ लागली. काकूंनी बॅगेतली दाण्याची चटणी काढून स्वयंपाकघरात दिली. त्या दुपारी दोघी तुतीखाली बसून शेंगा मोडत होत्या. एक तुर्कीत बोलत होती, एक मराठीत, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मुलगी काकूंना 'तेयझे' म्हणायची. त्याचा अर्थ मावशी, असं कळल्यावर काकू मला म्हणाल्या, "बघ, तुम्ही सगळ्यांनी मला काकू करून ठेवलंत. मावशी व्हायला एवढ्या लांब यावं लागलं."

चौथ्या दिवशी सकाळी व्हॅन आली. वडिलांनी बॅगा चढवल्या. मुलीने काकूंच्या हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं. आईने काकूंना मिठी मारली. व्हॅन सुटली आणि काकूंनी हात हलवायला मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. आई रस्त्याच्या मधोमध उभी होती, तिच्या हातात तांब्याचा जग होता, आणि तिने त्यातलं पाणी आमच्या गाडीमागे रस्त्यावर टाकलं.

काकू पुढे वळल्या. मग म्हणाल्या, "पाणी सोडलं आपल्यावर."

आदल्याच हिवाळ्यात त्यांचा मोठा भाऊ नागपूरला वारला होता. काकू दहाव्याला जाऊन आल्या होत्या. पाणी सोडणं त्यांच्यासाठी तेव्हा वाक्प्रचार नव्हता, डोळ्यांपुढचं चित्र होतं.

"काय सोडलं?" काकांनी विचारलं. काकूंनी सांगितलं.

"पाणी सोडलंबिडलं काही नाही. रस्ता धुतला त्यांनी. आपण गेल्यावर." काका शांतपणे म्हणाले. "मी नवीन आलो ना, तेव्हा माझी घरमालकीण जिना धुवायची. मी वर गेलो की. रोज. मला कोणी शिकवू नये हे काय असतं ते."

ते खोटं बोलत नव्हते. जिन्याची गोष्ट आम्ही आधीही ऐकली होती.

गाडीत चौघं होतो, प्रत्येकाच्या हातात फोन होता. मुलीचा नंबर माझ्याकडे होता, फरसबीच्या कृतीसाठी घेतलेला. मी पुण्यात एका दैनिकात अकरा वर्षं बातमीदारी केली आहे. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याआधी संबंधिताला विचारायचं, हे त्या कामातलं पहिलं कलम. विमानतळ दोन तास लांब होता. मी विचारलं नाही.

परत आल्यावर आठवड्याने काकांचा ईमेल आला. 'जरा ग्रामर बघून दे.' त्यांचं पाण्याबद्दलचं वाक्य ढिसाळ होतं. हॉटेलवाल्यांच्या आईने आमच्या व्हॅनच्या मागे पाणी फेकलं, फार वाईट मॅनर्स, असं काहीसं. त्यात व्याकरणाच्या दोन चुका होत्या. तसंच छापलं गेलं असतं तर वाचणाऱ्याने एक म्हातारा चिडलाय एवढं समजून पुढचा रिव्ह्यू उघडला असता. मी ते वाक्य नीट केलं. माझ्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता: आम्ही निघताच मालकीणबाईंनी आमच्यामागे रस्ता धुतला, जणू काही अपवित्र तिथून गेलं होतं.

वाक्य चांगलं होतं, म्हणून ते चाललं. काकांनी हॉटेलला एक तारा दिला आणि लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. लोकांनी हळहळ व्यक्त केली. एकाने तो रिव्ह्यू इतर दोन ग्रुपांवर पाठवला. एजंटने ऑक्टोबरचं बुकिंग कॅन्सल केलं आणि कारण विचारल्यावर हॉटेलला तो रिव्ह्यूच फॉरवर्ड केला.

जुलैमध्ये हॉटेलच्या त्या मुलीचं पत्र आलं, ईमेलने. ते मला आलं, कारण पत्ता फक्त माझा होता. तिने लिहिलं होतं की घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्यांच्याकडे मागे पाणी टाकतात. पाणी जसं न अडखळता वाट काढतं तसं त्या माणसाने जावं, आणि परत यावं, यासाठी. भाऊ जर्मनीला कामाला गेला तेव्हा आईने टाकलं होतं. पाहुण्यांसाठी ती पहिल्यापासून टाकते, आजवर कोणी वाईट मानलं नव्हतं. पाणी स्वयंपाकघरातल्या नळाचं होतं, स्वच्छ होतं. ग्रुप गेला तो गेलाच, पण आई रोज विचारते की तेयझेला मी काय केलं. तुम्ही त्या डॉक्टरांना सांगून ते वाक्य काढायला लावाल का.

रस्ता कोणी धुतला नव्हता. मी पाहिलं होतं ते तांब्याच्या एका जगातलं पाणी. 'धुतला' हे क्रियापद मी न पाहिलेल्या गोष्टीसाठी वापरलं होतं, आणि 'अपवित्र' हा शब्द तर गाडीत कोणी उच्चारलाही नव्हता. अशा वाक्याबद्दल मी पूर्वी शिकाऊ वार्ताहरांची बातमी त्यांच्या तोंडावर परत केली आहे.

रविवारी दुपारी पत्राची प्रिंट घेऊन मी आणि नवरा काकांकडे गेलो. काकांनी ती पूर्ण वाचली. चष्मा काढला.

"पाणी टाकलं की नाही?"

"टाकलं."

"मग? फॅक्ट आहे. तू पेपरवाली, तुला फॅक्ट चालतं ना?"

"त्याचा अर्थ उलटा आहे, काका. आपण चुकलो."

"आता म्हणतेय ती. ग्रुप गेल्यावर. यार, कोणीही म्हणेल." ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "तुझी बायको एका ईमेलवर विरघळते, आणि म्हणे बातमीदार."

नवरा म्हणाला, "नेटवर बघितलं, काका. खरंच आहे त्यांच्यात तसं."

"नेटवर काय, सगळंच असतं."

मी म्हटलं, "ते वाक्य माझं आहे. तुमचं साधं होतं. तेवढं तरी काढा."

"अगं, तेच तर बेस्ट आहे त्यात. सगळे तेच कोट करतात."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला, प्रिंट उचलली आणि वाचायला वेळ घेतला. मग म्हणाल्या, "पाणी सोडलं, असं मी म्हणाले होते गाडीत. सुरुवात माझी. काढून टाका ते."

"तू भावामुळे अपसेट होतीस. तुझं वेगळं."

"म्हणूनच सांगते. मी चुकीचं बोलले. काढा."

"बघू," काका म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी माणसांना झोपवलं आणि जागं केलं. भूल देण्याआधी ते रुग्णाला नाव, वय आणि कशाची अॅलर्जी आहे ते तीनदा विचारायचे, असं तेच अभिमानाने सांगतात. इथे त्यांना एकदा चौकशी करायची नव्हती. कारण कळायला कठीण नव्हतं. ती गोष्ट त्यांनी मंडळाच्या पिकनिकला सांगितली होती, एडिसन गावातल्या एका वाढदिवसाला सांगितली होती, जिन्याच्या गोष्टीला जोडून. ती आता त्यांच्या अपमानांच्या यादीत बसली होती आणि तिथून ती हलवायची म्हणजे त्यांना स्वतःला हलावं लागलं असतं. जिना धुणाऱ्या बाईचा राग त्यांनी सांभाळून ठेवला आणि स्वतःची खोली देणाऱ्या बाईवर काढला. हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं आणि अजून तसंच दिसतं.

चार दिवसांनी रिव्ह्यूखाली दोन ओळींची भर पडली. हा त्यांचा रिवाज असल्याचं आम्हाला नंतर सांगण्यात आलं; हॉटेलने पाहुण्यांना याची आगाऊ कल्पना द्यायला हवी. तारा एकच राहिला. माझं वाक्य जागेवर राहिलं.

मी मुलीला लिहून कळवलं की ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. साइटवर माझ्या नावाने खुलासा टाकला. दुसऱ्या पाहुण्याच्या मताबद्दलचा मजकूर इथे घेतला जात नाही, असं उत्तर येऊन तो परत आला. मग त्या तीन रात्रींबद्दल स्वतंत्र लिहिलं, ते घेतलं गेलं. ते कोणी कोट करत नाही. आयसेलिनला जाऊन एजंटला पत्र दाखवलं. तो सज्जनपणे म्हणाला, "मॅडम, मला पटतंय. पण सगळे सीनियर लोक आहेत, एकदा मनात आलं की आलं. आता दुसरीकडे बुकिंग झालंय. तिथे लिफ्ट पण आहे."

सप्टेंबरमध्ये मुलीचं दुसरं पत्र आलं. माझ्या खुलाशाबद्दल तिने एका ओळीत आभार मानले होते. त्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते वाचणं अवघड होतं. सोबत एक फोटो होता. रिसेप्शनच्या काउंटरवर आता चौकटीत एक सूचना ठेवली आहे, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये. निघताना पाहुण्यांच्या मागे पाणी टाकण्याची आमच्याकडे पद्धत आहे, तिचा हेतू चांगला आहे. आपल्याला ते नको असल्यास कृपया आधी सांगावं. मुलीने लिहिलं होतं की बहुतेक जण काही सांगत नाहीत, पण आता आईच बाहेर येत नाही. ती म्हणते, ज्यासाठी परवानगी घ्यावी लागते ते मी कशाला करू. पाहुणे निघाले की ती आत भांडी घासते.

ते पत्र फोनवर घेऊन मी पुन्हा काकांकडे गेले. या वेळी एकटी. काकांनी फोटो मोठा करून सूचना वाचली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघ. सिस्टिम लागली की नाही? हेच पाहिजे होतं. फीडबॅकचा फायदाच झाला त्यांना."

त्यांना ते मनापासून वाटत होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीकडे बघत होत्या. काकांनी फोन मला परत दिला आणि पुढच्या वर्षीच्या पोर्तुगालच्या ट्रिपचं विचारू लागले, तुम्ही दोघं येणार ना, आत्ताच सांगा, फ्लाइट्स बघायच्या आहेत.

"नाही," मी म्हटलं.

"का गं?"

"तुमच्याबरोबर नाही."

ते हसले. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं असावं. मी बूट घातले. काकू दारापर्यंत आल्या. या घरातून निघताना मी नेहमी 'येते' म्हणत आले आहे, कोणत्याही मराठी घरातून निघताना म्हणतात तसं.

"जाते," मी म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.