नकातोच्या सुटकेचा हुकूम

कानडी मुलखातल्या एका शहरात, चामराजपेटेत, गुरुदत्त भावसाराचं शिवणकामाचं दुकान आहे. युगांडाहून नर्सिंग शिकायला आलेली नकातो तिथं युनिफॉर्म शिवून घ्यायला आली आणि पुढं त्याची बायको झाली. आधी नाक मुरडणारी सासू अंथरुणाला खिळल्यावर नकातोशिवाय कुणाच्या हातचं पाणीही घेईना. त्या धावपळीत नकातोचा व्हिसा संपला. म्हातारी गेल्यावर दोघं आपणहून सरकारी कचेरीत सांगायला गेली. तिला तिथंच थांबवून घेतलं आणि शहराबाहेर, परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात पाठवलं.

गल्लीतल्याच वकील क्षमाअक्कांनी हायकोर्टात अर्ज केला. त्यांनी आधीच बजावलं होतं, "कोर्ट व्हिसा देत नाही, अण्णा. डांबून ठेवायचा हुकूम नियमानं काढलाय का, एवढंच बघतं."

तारखा पडत राहिल्या. अखेर एकदा न्यायाधीशांनी विचारलं, ही बाई स्वतःहून आली होती, मग कोंडून ठेवायचं कारण कुठं लिहिलंय? सरकारी वकील कागद चाळत राहिले. हुकूम रद्द झाला. तिचं म्हणणं ऐकून कचेरीनं नव्यानं निर्णय घ्यावा, तोवर ती केंद्रातच राहील, असं ठरलं. गुरुदत्तनं फक्त 'रद्द' हा शब्द ऐकला. घरी जाऊन त्यानं फरशी पुसली, पलंगावर धुतलेली चादर घातली.

आठवड्याभरात नवा हुकूम आला. नकातो आतच राहणार होती.

"या खेपेला कारणं दिलीत," क्षमाअक्का म्हणाल्या. "व्हिसा संपला होता, हे तर आपणच कबूल केलंय. पुन्हा अर्ज करू. पण कोर्टाचा हात किती पोचेल, सांगता येत नाही."

हे नकातोला सांगायचं काम त्याच्यावर आलं. भेटीच्या खोलीत मधे जाळी होती. हुकूम रद्द होऊनही ती आतच का, ते त्याला नीट मांडता येईना.

"म्हणजे स्वल्प थांबायचं अजून?" तिनं सासूकडून शिकलेल्या कानडीमिश्रित मराठीत विचारलं.

"सरी," म्हणत त्यानं होकारार्थी मान हलवली.

मग तिनं त्याचं जेवण वेळेवर होतं का ते विचारलं. तो हो म्हणाला. शिपाई वेळ संपली म्हणून उठवायला आला, तेव्हा तिनं जाळीला टेकवलेली बोटं त्याला नीट धरताही आली नाहीत.

दुसरा अर्ज आता कोर्टात आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.