काकूनं दुरुस्त केलेला सिनेमा

टाकीजकाकूनं सिनेमा पाहिला की नायकानं किती जणांना लोळवलं हे ती नंतर सांगायची. सिनेमातल्या घरात भांडी कोणी घासली, हे आधी. भांडी घासणारं कोणीच दिसलं नाही, तर तो सिनेमा तिच्या मनातून उतरायचा. "धा जणाले मारून आला, आंग धुतलं अन् नाचाले गेला. जेवला कवा? असा माणूस राहते का कुठं?"

रिसोडकडच्या शिरपूरच्या अलीकडे आमचं गाव. काकूचं घर आमच्या घराला लागून. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. त्यानं घेऊन दिलेला मोबाइल ती स्वयंपाक करताना तेलाच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि रोज एक सिनेमा लावायची. म्हणून सारं गाव तिला टाकीजकाकू म्हणे. तिला ते नाव आवडायचं.

दुसऱ्या दिवशी वावरात तो सिनेमा आम्हाला मिळायचा. निंदण असो की सोयाबीनची सोंगणी, आम्ही बाया एकेक ओळ धरून बसायचो, त्या ओळीला पात म्हणतात. काकू मधली पात धरायची, म्हणजे दोन्हीकडे ऐकू जावं. मागं राहील तिचा सिनेमा बुडायचा. म्हणून कोणाचा हात मंद पडला की शेजारणी तिच्या पातीत विळा घालून तिला ओढून पुढं आणायच्या. धुऱ्याशी, म्हणजे वावराच्या बांधाशी पोचलो की काकू तोंड मिटायची. "इंटरवल. पाणी प्या." वावराचा मालकही सावलीत बसून ऐकायचा, आणि काम लवकर उरकतं कसं, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

तिची मतं ऐकून मी चकित व्हायचे. मोठ्या पडद्यावरच्या माणसांबद्दल असं बोलता येतं, हेच मला माहीत नव्हतं. एक नटी हिरव्या वावरात अनवाणी धावत गाणं म्हणत होती. काकू म्हणाली, "तुरीच्या धसकटात धावून दाखव म्हणा तिले. गाण्याचा सूरच बदलून जाईन." एका सिनेमातला खलनायक तिला नायकापेक्षा आवडला. का, तर साऱ्यांत त्यालाच तेवढी आपल्या मायला औषधाची गोळी द्यायची आठवण राहिली. सिनेमांची तिची प्रतवारीही तिचीच होती. बरा असला तर "भाकरी थापता थापता पाह्यण्यासारखा". फारच चांगला असला तर "चूल विझवून पाह्यण्यासारखा". असे तिच्या हिशेबानं थोडेच होते.

सगळ्यांची मतं घेऊन झाली की शेवटी ती माझ्याकडे वळायची. "मुके, तुले कसा वाटला?" मी मान हलवायचे, म्हणजे चांगला. मी घरातही फारशी बोलत नव्हते. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या वाट्याचं दुसरंच कोणीतरी बोलत आलं. काकू मात्र दर वेळी विचारायची, आणि उत्तर येईल म्हणून थोडा वेळ वाट पाहायची.

दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जात होतो. धाकट्या पोराला सोबत न्यायचो आणि थोरली पोरगी दुर्गा सासूबाईंजवळ राहून शाळेत जायची. त्या वर्षी सासूबाई गेल्या. दुर्गा नववीत होती. मालक, म्हणजे दुर्गाचे बाबा, म्हणाले, "आता तिले कोणापाशी ठेवाचं? चालू दे संगं. ते पोराले पाहीन, मोळ्या बांधीन." यात त्यांचं काही वाईट मन नव्हतं. दुसरी सोय खरंच दिसत नव्हती. दुर्गानं शाळेचं दप्तर खुंटीवरून काढून कोठीत ठेवलं. एकदा गेलेली पोर शाळेत परत येत नाही, हे मी माझ्यावरूनच जाणत होते.

त्याच सोंगणीत काकूनं तो डोंगरातल्या गावाचा सिनेमा सांगितला. लोक कामाला दूर जातात. ट्रक येतो. एक माय, तिची पोरगी, आणि पोरीची पांढरी शेळी. सामान चढतं, पोरगी चढते, शेळी खाली ओरडत राहते. "अन् मंग ते माय," काकू म्हणाली, "जे कवाच बोलत नव्हती, ते ट्रकवर चढली, पोरीचं गाठोडं उचललं अन् खाली ठेवलं. म्हणे, हे नाही येत." एवढं सांगून ती उठली. त्या दिवशी तिनं मला कसा वाटला ते विचारलं नाही.

दिवाळीनंतर आमचा ऊसतोडीचा ट्रक आला. सारं सामान चढलं, दुर्गाही चढली. मी वर चढले, दुर्गाचं गाठोडं शोधलं आणि खाली दिलं.

"काय झालं वं?" मालकांनी विचारलं.

"दुर्गा नाही येत. तिची शाळा हाय."

"मंग ते राहीन कोणापाशी?"

काकूचा सिनेमा तर गाठोड्यापाशीच संपला होता. तेवढ्यात पोचवायला आलेल्या बायांच्या मागून काकूचा आवाज आला, "माह्यापाशी. मले मोबाइल लावून द्याले कोणी पायजेच हाय." मालकांनी माझ्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं आणि दुर्गाचा हात धरून तिला खाली उतरवलं.

उसाच्या फडावर एकदा पावसानं काम थांबलं होतं. शेजारच्या खोपीत एक बाई मोबाइल पाहत बसली होती. मला पांढरी शेळी दिसली आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले. तोच डोंगर, तीच माय, तोच ट्रक. आता ती चढेल म्हणून मी वाट पाहत राहिले. माय जागची हलली नाही. ट्रक पोरीला घेऊन गेला, धूळ उडाली, नावं सुरू झाली. मला वाटलं, त्या बाईचा मोबाइलच बिघडला असावा.

गावी परतल्यावर मी काकूला विचारलं. ती पापड वाळत घालत होती.

"मले तं इंटरवललेच झोप लागते वं," ती म्हणाली. "पुढचं मी माह्या मनानंच जोडतो नेहमी."

"मंग तो शेवट तुले मालूमच नव्हता?"

"तो मालूम होता. तो सिनेमा चूल विझवून पाह्यला. पण सिनेमावाला चुकला. मायनं गाठोडं खाली घ्याले पायजे होतं. म्या दुरुस्त केला."

"माह्यासाठी?"

"सिनेमासाठी," ती म्हणाली, आणि पापड उलटवायला लागली.

दुर्गा आता रिसोडला कॉलेजात जाते. काकूचे गुडघे गेले, तेव्हा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. घराची किल्ली ती माझ्याकडे देऊन गेली. वावरात आता बाया मोबाइलवर गाणी लावतात. पाती पुढंमागं होतात, कोणी कोणाला ओढून आणत नाही.

परवा तिचा फोन आला. मुलानं तिला मोठ्या मॉलमध्ये सिनेमाला नेलं होतं. "खुर्ची पाळण्यासारखी नरम. झोपच लागली." जेवढा पाहिला तेवढा तिनं सांगितला. एक म्हातारी आहे, लेकाच्या घरी उंच मजल्यावर राहते. लेक-सून चांगले आहेत. ती दिवसभर खिडकीत बसते, खाली कोणी ओळखीचं दिसत नाही. "पुढं काय झालं मुके? तुले मालूम हाय का?"

मी तो सिनेमा पाहिला नव्हता. मी चुलीपाशी बसले होते, तवा खाली उतरवला.

"पुढं ते म्हातारी लेकाले म्हणते, मले गावी जायचं हाय," मी सांगितलं. "लेक तिले एष्टीत बसवून देते. गावच्या फाट्यावर एक बाई तिले घ्याले येते. घर झाडून ठेवलेलं असते. गुडघे दुखतात म्हणून दोघी हळूहळू चालतात."

"कोण बाई?"

"शेजारचीच. तिले नाव नाही सिनेमात."

मला वाटलं, तिला झोप लागली.

मग तिनं विचारलं, "एष्टी किती वाजताची होती वं?"