दिलीपचा ईसीजी आणि गौरीतली जाखडी

गणपतीच्या आधीचा आठवडा होता, साल पंचाऐंशीच्या आसपासचं… गावाहून एसटीने मी माझ्या दिलीपला घेऊन रत्नागिरीच्या दवाखान्यात गेले होते. त्याचं हृदय तपासायला.

मी चौथी शिकलेली, चुका दिसल्या तर पोटात घाला. काल नात विचारत होती, बाबांना एवढ्या लहानपणी डायबेटीस, मग ते जाखडीत नाचायचे कसे? म्हणाली, आजी, तूच लिही फेसबुकवर. म्हणून बसलेय.

तर दिलीप तेव्हा पंधराचा. रोज इन्सुलिनची सुई. आमच्याकडे कसला फ्रीज… शेजारच्या मुमताजभाभींचे मिस्टर दुबईला, त्यांच्याकडे होता. तिथे माशाच्या कालवणाच्या टोपाशेजारी आमची बाटली सुखाने राहायची. भाभी म्हणायच्या, औषध माझ्या घरात म्हणजे पोरगा अर्धा माझा.

त्या वर्षी त्याला गावच्या जाखडीत पहिल्यांदा घेतलं. बाहेरच्यांसाठी सांगते… मध्ये ढोलकीवाला नि गाणारे बसतात, पोरं पायात घुंगरू बांधून भोवती गोल नाचतात. त्या नाचाला दम लागतो. आणि डॉक्टर आधीच म्हणाले होते, लहान वयात साखर झाली की पुढे हृदयाला त्रास होऊ शकतो, आतापासून लक्ष ठेवू. मी त्यातलं 'हृदय' तेवढं ऐकलं नि झोप उडाली.

मी त्याला सांगून टाकलं, डॉक्टर हो म्हणाले तरच नाच. फुगला, पण आला.

डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, ते ठीक. मग झोपवून हातापायांना चिमटे आणि छातीला रबरी फुगे लावले. मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर यायला लागली… डॉक्टर ती बघतात. मीही वाकून बघितलं. रेघ अशी वेडीवाकडी, की खेकडा शाईत बुडवून सोडलाय जणू.

मनात म्हटलं, जाखडी तर गेलीच, आता अजून काय काय ऐकावं लागतंय…

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली आणि दिलीपच्या पायांकडे बघत राहिले.

"हे काय चाललंय रे?"

पोरगा डोळे मिटून पडलेला, आणि दोन्ही पावलं तालात हलतायत! मनातल्या मनात अख्खं गाणं म्हणत होता. मशीनने बिचारीने तेही टिपलं.

"अजून नीट बसलं नाही, डॉक्टर," दिलीप म्हणाला. "गौरीला चार दिवस राहिले."

डॉक्टर इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, मला तुझं हृदय बघायचंय, ढोलकी नाही, आता ओंडक्यासारखा पड. दुसऱ्या वेळी मी समोर डोळे वटारून उभी. पट्टी आली, अगदी शहाण्या मुलीच्या अक्षरासारखी… एकसारखी.

मी विचारलं, मग नाचू दे याला?

"नाचू द्या की, ताई. आधी पोटभर जेवण, खिशात साखर, चक्कर आली तर खायला. पण दर वर्षी घेऊन यायचा."

मी म्हटलं, सगळं चांगलं आहे तर कशाला?

"चांगलं आहे तोवरच बघत राहायचं असतं."

ते मी धरून ठेवलं. दर वर्षी नेला त्याला, कधी कुरकुरत, कधी ओढत… आता पन्नाशी उलटली, स्वतःहून जातो.

गौरीच्या दिवशी तो आमच्या घरापुढच्या खळ्यात नाचला, घामाने निथळत. एरवी मी त्याच्याकडे बघायची ती ओठ पांढरे पडले का, हात थरथरतात का, हेच शोधत. त्या दिवशी इतर पोरांच्या आया बघत होत्या तशीच बघत होते… नुसती कौतुकाने. एवढं साधं बघणं त्या डॉक्टरांनी मला दिलं. जिथे असतील तिथे सुखी असोत.