पावलांची यादी

व्हॉल्व्हवाल्याला आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टेबलावर बसवलं, तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. त्याआधी सव्वीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातली झाकणं उचलून खालचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि ठरल्या वेळी बंद करायचे. मग एका ओल्या खड्ड्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण तो पाय दोन बोटं आखूड राहिला. डॉक्टरांनी लिहून दिलं की यांना बैठं काम द्यावं.

त्याचं टेबल माझ्या शेजारी आलं. मी तिथे एकतीस वर्षं कारकून होतो, बैठ्या कामाखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्याला शिकवायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. तक्रारींची वही कशी भरायची ते मी दाखवलं. बसायचं कसं ते कोणाला कसं शिकवतात, मला अजून ठाऊक नाही.

नियम असा होता की सहा महिने पाहायचं आणि मग साहेबांनी शेरा द्यायचा, 'योग्य' किंवा 'अयोग्य'. अयोग्य आलं की घरी.

पहिल्याच आठवड्यात त्याची बायको त्याचा विसरलेला चष्मा घेऊन आली. चष्मा त्याच्या टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"भाऊजी, हे तीन महिने घरी होते. घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलले. मग शेजाऱ्यांचे बदलले. शेजाऱ्यांचे नळ गळत नव्हते."

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला.

"ऐकायलाच बोलतेय. भाऊजी, काहीही करा, पण ह्यांना परत पाठवू नका."

ती गेल्यावर त्याने वही उघडली. मग हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "घरी बसलो ना भाऊसाहेब, तर मी वर्षभरात आटपेन."

मी शाईची बाटली उगाच इकडची तिकडे ठेवली.

पण इथेही त्याचं बूड टेकत नव्हतं. दहा मिनिटं झाली की उठायचा. खिडकीपाशी जायचा, पाण्याच्या माठापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. बसलेला असला तरी टेबलाखाली गुडघा हलत असायचा आणि त्याने माझंही टेबल थरथरायचं, माझी अक्षरं वाकडी यायची. पेन तो चावीसारखं धरायचा. एका पानावर लिहिलेलं खालच्या तीन पानांवर उमटायचं. टायपिस्टबाईंनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं.

"भिंगरी आज किती वेळा उठली?" त्या मला विचारायच्या.

"बाई, तुम्ही मोजा," तो म्हणायचा. "तेवढाच तुमचाही टाइमपास."

चौथा महिना लागला तेव्हा साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब वयाने लहान, पण माणूस सरळ. मलाही उभं केलं.

"शहरात दोनशे सोळा व्हॉल्व्ह आहेत," साहेब म्हणाले, "आणि ते सगळे तुमच्या डोक्यात आहेत. आपल्याकडचा नकाशा इतका जुना आहे की त्यात निम्मे रस्तेच नाहीत. वरून नवं डांबर पडलंय, झाकणं दिसत नाहीत. तुम्ही मला यादी करून द्या. कुठे आहे, उघडायला चावीचे किती फेरे लागतात. यादी झाली की मी डोळे मिटून 'योग्य' लिहितो."

"आणि नाही झाली तर?"

साहेबांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.

मला वाटलं होतं, सुटला. आठवड्याभरात होईल. पण पाच दिवस झाले आणि कागदावर सातच ओळी होत्या. त्याला व्हॉल्व्ह सुटे आठवतच नव्हते. ते एकापाठोपाठ एक, फेरीच्या क्रमाने यायचे. पहिल्यापासून निघालं तर बाविसावा सापडायचा, नुसता बाविसावा विचारला तर तो कोरा चेहरा करायचा. आणि वाटेत कोणी टोकलं की साखळी तुटली, पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात दर पाच मिनिटांनी कोणीतरी टोकतंच. फोन वाजला, कोणी 'साहेब आहेत का' विचारायला आलं, बाईंनी पिन मागितली.

"कुठे होतो मी?" तो मला विचारायचा.

"दवाखान्याच्या कोपऱ्यावर."

"तिथे कसा पोचलो?"

मी काय सांगणार? तो कागद चुरगाळायचा आणि उठून चालू लागायचा.

तो चालू लागला की ओठ हलतात, हे मला तेव्हा दिसलं. ऑफिसच्या मागे एक लांब व्हरांडा होता, जेवणाच्या सुट्टीत तिथे कोणी नसायचं. मी स्वतःहून कोणाला काही सुचवणारा माणूस नाही, पण त्या दिवशी खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि म्हटलं, "तुम्ही चाला. मी लिहितो."

तो लंगडत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, आणि बोलत राहायचा. "शाळेचं फाटक. फाटकापासून चाळीस पावलं सरळ, कोपऱ्यावर. नऊ फेरे, शेवटचा अर्धा जड जातो. मग डावीकडे. न्हाव्याची पायरी. पायरीपासून चौदा पावलं, गटाराला लागून. साडेसात फेरे." मी मध्ये एक शब्द बोलत नव्हतो. शिंक आली तरी दाबत होतो. अकरा दिवसांत दोनशे सोळा झाले. बाईंनी कुरकुर न करता टाइप करून दिले.

साहेबांनी यादी वाचली आणि म्हणाले, "सही करण्याआधी एक तपासून पाहू." बोट ठेवलं ते न्हाव्याच्या पायरीवर. ते झाकण डांबराखाली गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिशीवाला, म्हणजे याच्या जागी आलेला नवा व्हॉल्व्हवाला, दोन खोदणारे घेऊन तिथे गेला. त्याने पायरीपासून चौदा पावलं मोजली आणि खणलं. झाकण नाही. जरा मागे खणलं, जरा पुढे खणलं, तरी नाही. रस्ता अडला, दुकानदार बाहेर आले, साहेबांना फोन गेला. साहेब आम्हा दोघांना घेऊन तिथे पोचले.

"काय हो," मिशीवाला म्हणाला, "व्हॉल्व्ह आहे का रस्त्याखाली, की फक्त कागदावर?"

"आहे तिथे आहे," हा म्हणाला. "बाजूला व्हा."

तो पायरीला टाच लावून उभा राहिला आणि चालला. चौदा मोजून थांबला, तर तिन्ही खड्डे त्याच्या अजून पुढे होते. त्याने खाली पाहिलं, मागे पायरीकडे पाहिलं. परत गेला, पुन्हा चालला, पुन्हा तिथेच येऊन थांबला. इतका वेळ सतत हलणारा माणूस, तो एकदम जागच्या जागी उभा राहिला.

"विसरलो मी," तो म्हणाला. "साहेब, सगळं गेलं असणार. ती यादी फाडून टाका."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी यादी घडी करायला घेतली. मला काहीतरी दिसत होतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पहिल्यांदा बोललो ते कोणाला नीट ऐकूच गेलं नाही.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"पाय," मी म्हटलं. "म्हणजे, पाऊल. यादीतली पावलं जुनी आहेत, पाय मोडायच्या आधीची. आता यांचं पाऊल आखूड पडतं. आणि मिशीवाल्यांचं त्यांचं ते वेगळं." मग जरा धीर आला. "शाळेच्या कोपऱ्यावरचं झाकण डांबराखाली गेलेलं नाही. फाटकापासून चाळीस पावलं लिहिलंय. ते टेपने मोजलं तर यांचं जुनं पाऊल कळेल."

टेप आणली. तीस मीटर भरले. म्हणजे पाऊल पाऊण मीटरचं. चौदा पावलांचे साडेदहा मीटर झाले. न्हाव्याच्या पायरीपासून तेवढं मोजून खणलं, तेव्हा दुसऱ्याच घावाला लोखंडाचा आवाज आला. मिशीवाल्याने झाकण काढून चावी लावली आणि मोठ्याने मोजत फिरवली. साडेसात फेऱ्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

"मान गए," तो म्हणाला, आणि याला नमस्कार केला. याने नुसती मान हलवली. कपाळावरचा घाम पुसायला त्याला रुमाल सापडत नव्हता, मी माझा दिला.

त्या संध्याकाळी साहेबांनी आमच्यासमोर 'योग्य' लिहून सही केली. दोनशे सोळा ओळींतल्या पावलांचे मीटर मी करून द्यावेत असं ठरलं. दुसऱ्या सकाळी हा साहेबांकडे गेला आणि म्हणाला, टेप द्या, जमेल तेवढं मी स्वतः मोजून येतो.

"आता त्याची गरज नाही," साहेब म्हणाले. "ते फिरतीवरची माणसं करतील. तुमच्या पायाला त्रास कशाला? तुम्ही टेबल सांभाळा, तुमची जागा आता पक्की झाली."

"बरं," तो म्हणाला.

तो येऊन बसला. बाईंनी अभिनंदन केलं, त्याने हसून मान तुकवली. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ आले. दवाखान्यामागे राहत होते, चार दिवस त्यांच्याकडे पाणी करंगळीएवढं येत होतं. त्याने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तक्रारीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाला, "दोन दिवसांत माणूस येईल."

गृहस्थ चिठ्ठी घेऊन गेले. मला राहवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं ना, काय झालं असणार ते?"

"हो. मिशीवाला दीड फेरा कमी उघडतोय."

"मग सांगितलं का नाही?"

"किती फेरे ते यादीत आहे की," तो म्हणाला, आणि पुढच्या पानावर तारीख घालू लागला. माझं टेबल थरथरत होतं. मी तळहाताने ते दाबून धरलं आणि मीटर करत बसलो.