घोड्यांचा बंद पाळणा

मुलीच्या नव्या रेनकोटची घडी उलगडली आणि त्या प्लास्टिकच्या वासाने मला लहानपणीच्या एका पावसात नेलं. तेव्हा माझ्याही अंगावर असाच कोरा रेनकोट होता. वणीच्या कोळसा खाणीत फिटर असलेल्या बाबांना एकदाची रजा मिळाली होती आणि ते आम्हाला नागपूरजवळच्या पार्कात घेऊन आले होते. आत शिरलो आणि धो धो पाऊस सुरू झाला. एकेक करत सगळे पाळणे बंद झाले, तसा मी पत्र्याच्या शेडखाली रडायला लागलो. बाबा लहान मुलांच्या घोड्यांच्या पाळण्यापाशी गेले. तिथला माणूस म्हणाला, "मोटर नाई चालू करता येत भाऊ, पावसात करंट लागते." बाबा म्हणाले, "मोटर राहू दे. हातानं ढकलू काय?" तो हसून बाजूला झाला. बाबांनी चपला काढल्या, मला घोड्यावर बसवलं आणि आईला म्हणाले, "तू बी बस. कायले लाजतं?" पदर खोचून आई माझ्या पुढच्या घोड्यावर बसली आणि बाबा भर पावसात, चिखल तुडवत, पाळणा ढकलत गोल गोल धावत राहिले. आईला इतकं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबांना जाऊन आता पाच वर्षं झाली. यंदाच्या उन्हाळ्यात मुलीला त्याच पार्कात नेलं होतं. लख्ख ऊन होतं, सगळे पाळणे चालू होते, आणि मी मात्र उगाच आभाळाकडे बघत उभा होतो.