अर्थ नसलेलं गाणं

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आम्ही बेलापूरला राहत होतो.

ट्रान्झिस्टरवर तिचं आवडतं प्रेमाचं उडतं गाणं लागलं की मी पुस्तकातून मान वर करून विचारायचो, "याला काही अर्थ आहे का?" ती मुकाट्याने आवाज कमी करायची. ती गेल्यावर तेच मला खात होतं.

तेराव्यानंतर दिवाळे गावची मासेवाली मावशी दारात आली. तिला हे सांगितलं, तर ती हसलीच.

"अरं बाला, तुजी आय बोलायची, अर्थ पोरगा शोधंल, आपून नाचू. तू कॉलेजात गेलास का आमी दोघी हितंच नाचायचो."

मी बोंबील घेतले आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

तो ट्रान्झिस्टर आता माझ्या टेबलावर आहे.